परदेशी क्लबकडून खेळणे आणि परदेशाकडून खेळणे

रग्बी युनियनचा, म्हणजे पंधरा जणांच्या रग्बीचा, एखादा नावाजलेला खेळाडू फ्रान्समधील टुलूझ किंवा टोकियोच्या क्लबकडे गेला की त्याने देश बदलला असे सर्रास लिहिले जाते. हा गोंधळ आता थांबायला हवा. क्लबचा करार ही नोकरी असते आणि आयपीएल पाहणाऱ्याला ती समजावून सांगण्याची गरज नाही. चेस्लिन कोल्बे 2019 मध्ये टुलूझकडे करारबद्ध होता आणि त्याच वर्षी योकोहामात विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात त्याने दक्षिण आफ्रिकेसाठी ट्राय केला, म्हणजे चेंडू प्रतिस्पर्ध्यांच्या गोलरेषेपलीकडे टेकवून गुण मिळवले. न्यूझीलंड परदेशात खेळणाऱ्यांना सहसा निवडत नाही, पण ते तेथील मंडळाचे धोरण आहे. त्याने खेळाडूची पात्रता संपत नाही.

खरी गफलत होते ती या पात्रतेबाबत. वर्ल्ड रग्बी या खेळाच्या जागतिक संघटनेच्या नियमात पासपोर्ट विचारला जात नाही. खेळाडूचा स्वतःचा, आईवडिलांपैकी किंवा आजीआजोबांपैकी कोणा एकाचा जन्म त्या देशात झालेला असावा, नाहीतर तो सलग 60 महिने फक्त तेथील रग्बी संघटनेकडे नोंदलेला असावा किंवा एकूण दहा वर्षे तेथे राहिलेला असावा. पूर्वी सलग 36 महिन्यांचे वास्तव्य पुरे होते. क्राइस्टचर्चमध्ये जन्मलेला मायकेल लीच पंधराव्या वर्षी शिक्षणासाठी साप्पोरोला गेला, 2008 मध्ये जपानकडून खेळला आणि नागरिक झाला तो 2013 मध्ये. त्याच्याच नेतृत्वाखाली जपानने 2015 च्या विश्वचषकात दक्षिण आफ्रिकेला 34-32 असे हरवले. अशा खेळाडूला ‘आयात केलेला’ म्हणणे मला मुळीच मान्य नाही.

मात्र नोंदणीचा किंवा वास्तव्याचा हा मार्ग पहिल्या देशापुरताच असतो, आणि जाणकारही नेमके येथेच चुकतात. एकदा एका देशाकडून खेळलेला माणूस दुसरीकडे कितीही वर्षे राहिला तरी केवळ त्या बळावर त्या देशाचा होत नाही. 2022 पासून त्याला एकदाच देश बदलता येतो, तोही शेवटच्या आंतरराष्ट्रीय सामन्यानंतर तीन वर्षे थांबून, आणि फक्त स्वतःच्या, आईवडिलांच्या किंवा आजीआजोबांच्या जन्मदेशाकडे. ऑकलंडमध्ये टोंगन कुटुंबात जन्मलेला चार्ल्स पिउताउ 2015 पर्यंत न्यूझीलंडकडून 17 कसोटी, म्हणजे आंतरराष्ट्रीय सामने, खेळला आणि पुढे आयरिश रग्बीतील अल्स्टर व इंग्लंडमधील ब्रिस्टल या क्लबांत गेला. तेथील मुक्कामाच्या आधारे आयर्लंड किंवा इंग्लंड त्याला घेऊ शकत नव्हते. 2022 मध्ये ब्रिस्टलचा करार चालू असतानाच तो टोंगाच्या जर्सीत मैदानात उतरला.