आफ्टरमार्केट थ्रॉटल बॉडी : दोषनिदान

मोटारीची मूळ थ्रॉटल बॉडी काढून तिच्या जागी दुसऱ्या उत्पादकाची, बहुधा मोठ्या व्यासाची बॉडी बसवल्यावर जे बिघाड दिसतात, ते शोधण्याची पद्धत. थ्रॉटल बॉडी तिच्यातल्या झडपेने इंजिनात जाणाऱ्या हवेवर ताबा ठेवते. इंधन किती सोडायचे ते ईसीयू (इंजिन चालवणारा संगणक) या हवेच्या मापावरून किंवा अंदाजावरून ठरवतो. त्यामुळे नव्या बॉडीच्या बहुतेक तक्रारींत सुटा भाग सदोष नसतोच. ईसीयूचा अंदाज आणि आत जाणारी खरी हवा यांचा मेळ बसलेला नसतो.

व्यास ६५ वरून ७५ मिमी केला की तोंडाचे क्षेत्रफळ सुमारे ३३ टक्क्यांनी वाढते. पेडल थोडेसे दाबताच पूर्वीपेक्षा जास्त हवा आत शिरते आणि गाडी चपळ वाटते. ही चपळाई म्हणजे वाढलेली ताकद नव्हे. मूळ बॉडीच अडथळा होती का, हे भाग विकत घेण्याआधीच तपासता येते. पूर्ण थ्रॉटलवर, वरच्या आरपीएमला (इंजिनाचे मिनिटाला फेरे) नैसर्गिक श्वसनाच्या, म्हणजे टर्बो नसलेल्या इंजिनातला मॅनिफोल्ड दाब (थ्रॉटल बॉडीतून सिलिंडरकडे हवा नेणाऱ्या नळ्यांतला दाब) बाहेरच्या वातावरणाच्या दाबाच्या अगदी जवळ असेल, तर मोठ्या बॉडीने हाती फारसे काही लागत नाही.

सर्वांत जास्त तक्रार आयडलिंगची (पेडल न दाबता इंजिन चालू राहण्याची) असते : रेस चढलेली राहते किंवा सारखी वरखाली होते. पेडलच्या केबलने झडप उघडणाऱ्या बॉडीत झडप बंद असताना लागणारी हवा आयडल व्हॉल्व्ह पुरवतो. बसवणाऱ्याने स्टॉप स्क्रू (झडप किती मिटावी ते ठरवणारा) फिरवून झडप जास्त उघडी ठेवली, तर हा व्हॉल्व्ह पूर्ण मिटूनही रेस उतरत नाही आणि स्कॅनरवर पी०५०७ हा (आयडल रेस जास्त असल्याचा) कोड येतो. वरखाली होण्यामागे अनेकदा वेगळीच साखळी असते. झडप बंद पण आरपीएम चढलेले, हे पाहून गाडी उतारावर असल्याचे समजून ईसीयू इंधन तोडतो; आरपीएम पडताच ते पुन्हा सोडतो, रेस पुन्हा चढते आणि चक्र चालू राहते. मूळ दोष जादा हवेचा असतो, पण बदलला जातो सेन्सर!

ही जादा हवा बहुधा गॅस्केटमधून (सांध्यातल्या पट्टीतून) किंवा होज पाईपमधून येते. गॅस्केटची भोके नव्या बॉडीच्या आयडल मार्गाशी जुळत नाहीत, किंवा ब्रेक बूस्टरचा अथवा पीसीव्हीचा (इंजिनातले वायू परत आत ओढणाऱ्या व्हॉल्व्हचा) होज पाईप नीट बसलेला नसतो. एअरफ्लो सेन्सर असलेल्या गाडीत ही हवा मोजली जात नाही, म्हणून मिश्रण लीन होते (इंधन कमी पडते) आणि पी०१७१ हा कोड उमटतो. मॅनिफोल्ड दाबावर चालणाऱ्या प्रणालीत मात्र हीच गळती दाबात दिसते, इंधनही त्या मानाने वाढते आणि फक्त रेस चढते. हा फरक लक्षात न घेतल्याने निदान भलतीकडे जाते. फ्युएल ट्रिम (ईसीयूने इंधनात केलेली टक्केवारीतली दुरुस्ती) आयडलला बराच धन असून २,५०० आरपीएमला शून्याकडे आला, तर गळतीचा संशय पक्का धरावा. शोधायला धुराची चाचणी उत्तम. गरम इंजिनावर ज्वालाग्राही क्लीनर फवारण्याची सवय आगीला निमंत्रण देते.

झडप किती उघडी आहे ते सांगणाऱ्या थ्रॉटल पोझिशन सेन्सरला ५ व्होल्ट मिळतात. झडप बंद असताना साधारण अर्धा ते एक आणि पूर्ण उघडल्यावर साडेचारच्या आसपास व्होल्ट येतात. आकड्यापेक्षा मधला चढ महत्त्वाचा : झडप हळूहळू उघडताना व्होल्टेज कुठेही गचके न देता वाढले पाहिजे.

झडप अडकत असेल, तर इंजिन बंद करून हवेचा पाईप काढावा आणि झडपेमागे उजेड धरावा. कडेने सगळीकडून सारखी बारीक रेघ दिसायला हवी. एका बाजूला उजेड आणि दुसरीकडे अंधार दिसला, तर झडप मध्यावर नाही. तिचे स्क्रू सैल करून, ती पूर्ण मिटू देऊन, थ्रेड लॉकर (स्क्रू सैल होऊ न देणारा गोंद) लावून ते पुन्हा आवळतात. इथे हलगर्जीपणा परवडत नाही. सुटलेला स्क्रू थेट सिलिंडरमध्ये जाऊ शकतो.

केबलऐवजी मोटरने झडप हलवणाऱ्या इलेक्ट्रॉनिक बॉडीत दोन पोझिशन सेन्सर एकमेकांची पडताळणी करतात. त्यांचे जुळले नाही की पी२१३५ हा कोड येतो आणि गाडी लिम्प मोडमध्ये (कमी ताकदीच्या सुरक्षित अवस्थेत) जाते. कनेक्टर, अर्थिंग व पिनांचा क्रम तपासल्यावरच मोटरला दोष द्यावा. इग्निशन चालू असताना झडपेत बोट घालू नये. बसवल्यानंतर उत्पादकाने सांगितलेली आयडल रीलर्न (ईसीयूला नव्या झडपेची स्थिती पुन्हा शिकवणे) करावी लागते, आणि व्यास बराच वाढला असेल तर ईसीयूतील झडपेचा कोन आणि हवेचे क्षेत्रफळ यांचा तक्ताही बदलावा लागतो. नुसती बॅटरी काढून जोडल्याने तो बदलत नाही.

मापे न जुळणे हा बिघाड वरकरणी सोपा, पण महागात पडणारा. जनरल मोटर्सच्या एलएस१ या इंजिनाची बॉडी तीन बोल्टांची, ७५ मिमीची होती. त्यानंतरच्या एलएस२ला चार बोल्टांची ९० मिमीची आली. ॲडॅप्टर लावून मोठी बॉडी लहान तोंडाच्या मॅनिफोल्डवर चढवली, तर सांध्यात पायरी राहते आणि हवेचा मार्ग शेवटी मॅनिफोल्डच्या तोंडाएवढाच उरतो.