फिकी गाठ म्हणजे निष्क्रिय गाठ नव्हे

पिट्युटरी ग्रंथीच्या गाठीच्या अहवालात ‘क्रोमोफोब’ (रंग न धरणारी) हा शब्द दिसला की ती गाठ हार्मोन बनवत नाही, असा समज फार जुना आहे आणि तो चुकीचा आहे. हिमॅटॉक्सिलिन व इओसिन या नेहमीच्या रंगांत गुलाबी दिसणारी गाठ वाढीच्या हार्मोनची, निळसर दिसणारी कुशिंग आजाराची (एसीटीएच हे हार्मोन जास्त बनवून शरीरातील कॉर्टिसॉल वाढवणारी) आणि फिकी राहणारी निष्क्रिय, अशी विभागणी विसाव्या शतकात दीर्घकाळ रूढ होती. प्रत्यक्षात हा रंग पेशीत साठलेल्या हार्मोनकणांना लागतो. त्यामुळे हार्मोन तयार होताच ते रक्तात सोडणारी, साठा न करणारी पेशी फिकीच दिसते. प्रोलॅक्टिन बनवणाऱ्या बहुतेक गाठी अशाच असतात.

म्हणून विशिष्ट प्रथिनाला चिकटणारी अँटिबॉडी वापरून इम्युनोहिस्टोकेमिस्ट्री करावी लागते; ते प्रथिन असेल तिथे तपकिरी रंग उमटतो. अ‍ॅक्रोमेगालीतील (वाढीचे हार्मोन जास्त झाल्याने हात-पाय व चेहरा मोठा होण्याच्या आजारातील) विरळ कणांची गाठ वाढीच्या हार्मोनसाठी जेमतेम तपकिरी होते, पण केराटिन या पेशीच्या सांगाड्यातील प्रथिनाच्या चाचणीत पेशीकेंद्राशेजारी ठसठशीत गोल ठिपका उमटतो. ही ओळख रुग्णासाठी मोलाची आहे, कारण ही गाठ वाढीच्या हार्मोनचा स्राव कमी करणाऱ्या ऑक्ट्रिओटाइडसारख्या औषधांना सहसा कमी दाद देते. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2017 च्या वर्गीकरणात पेशी कोणत्या प्रकारची होणार हे ठरवणाऱ्या पिट-1, टी-पिट आणि एसएफ-1 या प्रथिनांवरून पेशीचा वंश ठरवण्यावर भर आहे.

याच्या उलटही घडते. एसीटीएचचा रंग ठळक येऊनही काही रुग्णांत कुशिंगचे एकही लक्षण नसते. म्हणून ऊतींचा अहवाल रक्ततपासणी आणि लक्षणांसोबतच वाचायला हवा.