शोकेसमधल्या रिमोट गाड्या : मराठवाड्यातील संग्रहाची पार्श्वभूमी

रिमोट गाड्यांच्या परदेशी संग्राहकांच्या तोंडी पहिलं नाव टामिया या जपानी कंपनीचं असतं : 1976 ची पोर्श 934, 1979 ची सँड स्कॉर्चर, 1984 च्या ग्रासहॉपर आणि हॉर्नेट. त्याही आधी, 1966 मध्ये, इटलीत रेडिओवर चालणारी फेरारी विकायला आली होती. मराठवाड्यातल्या संग्रहाशी या वंशावळीचं नातं फार दूरचं. टामियाच्या गाड्या सुट्या भागांत यायच्या, घरी बसून जोडाव्या लागायच्या. आपल्याकडे आल्या त्या तयार, आणि बहुतेक आखातातून.

औरंगाबाद, नांदेड, परभणी, बीडकडची माणसं जेद्दा, रियाध, दुबईला कामाला जाऊ लागली, तेव्हा देशात खेळण्यांच्या आयातीवर निर्बंध होते. गावातल्या दुकानात अशी गाडी दिसण्याचा प्रश्नच नव्हता. सुट्टीवर येणाऱ्याच्या सामानात टेपरेकॉर्डर, घड्याळं, साड्या आणि पोरांसाठी एक रिमोटची गाडी असायची. बऱ्याचशा साध्या, एका बटणाच्या : चालू केली की सरळ पळायची, बटण दाबलं की मागे येत वळायची. तळाशी ‘मेड इन हाँगकाँग’ असेल तर माल बहुधा ऐंशीच्या दशकातला किंवा त्याआधीचा. पुढे कारखाने चीनच्या मुख्य भूमीवर सरकले आणि शिक्काही बदलला.

पोरांसाठी आणलेली गाडी पोरांच्या हाती मात्र क्वचितच लागे. ती शोकेसमध्ये बसे, ईदला किंवा दिवाळीला, पाहुण्यांसमोर बाहेर निघे. म्हणून आज औरंगाबादच्या (आताच्या छत्रपती संभाजीनगरच्या) जुन्या बाजारात मिळणाऱ्या गाडीचं वरचं कवच चकचकीत असतं आणि पोट सडलेलं. पेन्सिल सेल आतच राहून पाझरलेले, स्प्रिंगांवर हिरवट-निळी बुरशी, तांब्याच्या पट्ट्या खाऊन टाकलेल्या. लिंबाच्या रसाने स्प्रिंगा साफ होतात, सर्किट होईलच असं नाही. सौदीहून आलेल्या सेटचा चार्जर तर जळालेला असायचाच. तिथे घरगुती वीज 127 व्होल्टची होती. इथे 230 वर लावला की खेळ खलास.

इथल्या संग्राहकांत खरं भांडण आहे ते याच सडलेल्या सर्किटावरून. जुनी गाडी 27 मेगाहर्ट्झच्या रेडिओलहरींवर चालते. एकाच खोलीत त्याच क्रिस्टलच्या, म्हणजे एकाच लहरीवर चालणाऱ्या, दोन गाड्या सोडल्या तर दोन्ही वेड्यासारख्या फिरतात. मग काहीजण आतलं सर्किट काढून 2.4 गिगाहर्ट्झचा नवा रिसीव्हर बसवतात : स्वस्त, रेंज चांगली, रिमोटला हातभर अँटेना नको. दुसऱ्या गटाच्या मते अशी गाडी म्हणजे नुसतं कवच. त्यांचं म्हणणं मला पटतं. मेणाने बसवलेली कॉइल, हाताने दिलेले सोल्डरचे जाडसर डाग, जागच्या जागी सूर पकडणारा ओबडधोबड रिसीव्हर, हीच त्या काळची वस्तू. रंग आणि स्टिकर कुणीही नवे करून देतो. पण रेडिओ-टीव्ही दुरुस्त करणारी पिढी दुकानं बंद करून बसली आहे. कॉइल ट्यून करणारा हात परभणीत शोधायचा म्हटलं तर आठवडा जातो. बदलणाऱ्यांना सरसकट दोष देणं म्हणूनच अवघड. निदान मूळ सर्किट फेकू नये, पिशवीत घालून गाडीबरोबर ठेवावं, एवढ्यावर दोन्ही गट राजी आहेत. गंमत अशी, की 27 मेगाहर्ट्झचा हा लहरींचा पट्टा आपल्याकडे परवान्यातून मोकळा झाला 2005 मध्ये, म्हणजे निम्म्या गाड्या शोकेसमध्ये मुक्या झाल्यावर.

2001 मध्ये आयातीचे परिमाणात्मक, म्हणजे किती माल आणायचा यावरचे, निर्बंध उठले आणि चिनी गाड्या जत्रेतल्या पालांपर्यंत पोचल्या. आखातच्या गाडीचा तोरा तिथेच संपला. कितीतरी गाड्या भंगारात गेल्या त्या याच वर्षांत. टामियाने जुनी मॉडेलं पुन्हा काढायला सुरुवात केली तीही याच दशकात. त्यामुळे बाहेरून मागवलेली ‘हॉर्नेट’ 1984 ची की नंतरची, हा नवा घोळ.

अलीकडे मागवणंच कठीण झालं आहे. डिसेंबर 2019 मध्ये भेट म्हणून टपाल-कुरियरने येणाऱ्या वस्तूंवर बंदी आली; राखी आणि जीवरक्षक औषधं तेवढी वगळली. 2020 मध्ये खेळण्यांवरचं सीमाशुल्क 20 वरून 60 टक्के झालं, 2023 मध्ये 70. शिवाय 1 जानेवारी 2021 पासून खेळण्यांना गुणवत्तेचा शिक्का सक्तीचा. मुलांच्या सुरक्षेसाठी नियम योग्यच. पण चाळीस वर्षांपूर्वीच्या गाडीला तो शिक्का आता कोण मारणार? तेव्हा संग्राहकांची नजर पुन्हा जालना, बीड, नांदेडच्या घरांतल्या काचेच्या कपाटांकडे वळली आहे आणि घरमालकही आता आधी मोबाइलवर भाव पाहून मगच बोलतात.