सीओपीडीच्या रुग्णाचा ऑक्सिजन रोखू नये

सीओपीडी म्हणजे श्वासमार्ग अरुंद होऊन धाप लागणारा फुप्फुसांचा जुनाट आजार. अशा रुग्णाला ऑक्सिजन दिल्यास त्याची श्वास घेण्याची प्रेरणाच संपते, असे श्वसनोपचाराच्या प्राथमिक प्रशिक्षणात अनेकदा शिकवले जाते. हे अर्धसत्य आहे आणि त्यापायी धाप लागून निळ्या पडलेल्या रुग्णाचा ऑक्सिजन रोखणे अत्यंत घातक आहे. कार्बन डायऑक्साइड वाढू शकतो हे खरे, पण मुख्यतः जादा ऑक्सिजनमुळे फुप्फुसाच्या हवा कमी पोहोचणाऱ्या भागांतील आकसलेल्या रक्तवाहिन्या सैल होऊन रक्त तिकडे वळते आणि तिथे त्यातला कार्बन डायऑक्साइड नीट बाहेर पडत नाही म्हणून. शिवाय ऑक्सिजनने भरलेले हिमोग्लोबिन कार्बन डायऑक्साइड कमी वाहून नेते. त्यामुळे ऑक्सिजन मोजून द्यावा, शक्यतो व्हेंचुरी मास्कने (ऑक्सिजनचे ठरावीक प्रमाण देणाऱ्या मास्कने), आणि ऑक्सिमीटरवरील आकडा ८८ ते ९२ टक्क्यांत राखावा. ऑक्सिमीटर कार्बन डायऑक्साइड मोजत नाही; म्हणून गुंगी येऊ लागल्यास, तो आकडा चांगला दिसत असला तरी, धमनीतील रक्तवायूंची तपासणी तातडीने करावी.