पेट्रोल तुटतंय की करंट? चालता चालता बंद पडणारी सेकंडहँड गाडी

सेकंडहँड गाडी घेतली, पेढे वाटून झाले आणि आठवड्याभरात ती भर रस्त्यात बंद पडायला लागली, की सल्ल्यांचा पाऊस पडतो. पंप गेला असेल, प्लग बदला, टाकीत कचरा असेल. पेट्रोल इंजिनाचं अचानक बंद पडणं बहुतेक वेळा दोनच वाटांनी येतं: पेट्रोल पोचत नाही, किंवा करंट तुटतो. या दोघांची गल्लत झाली की खिसा रिकामा होतो आणि गाडी तशीच राहते.

गल्लत का होते, तर दोघांची एक सवय सारखी आहे. गाडी तापली की बंद पडते, वीस-पंचवीस मिनिटं उभी केली की सुरू होते. झिजलेला पेट्रोल पंप असं करतो आणि खराब झालेला क्रँक सेन्सरही (इंजिनाचं फिरणं मोजणारा छोटा भाग) असंच करतो. म्हणून ‘थंड झाल्यावर चालते’ एवढ्यावरून काहीच ठरवू नका. बंद पडतानाचे पाच सेकंद बघा.

पेट्रोल तुटतं तेव्हा गाडी आधी कुरकुरते. चढावर दम लागतो, अ‍ॅक्सिलरेटर दाबला तरी ओढत नाही, दोन-चार झटके बसतात, मग बंद. टाकीत पेट्रोल कमी असताना त्रास वाढतो, कारण पंप टाकीतच असतो आणि पेट्रोलनेच थंड राहतो. करंट तुटतो तेव्हा बहुधा काहीच सूचना मिळत नाही. दिवा मालवावा तसं इंजिन जातं.

मेव्हण्याने दहा वर्षं वापरलेली पेट्रोल हॅचबॅक घेतली, तेव्हा हे जवळून पाहिलं. साताऱ्याला जाताना खंबाटकीच्या चढावर गाडी बंद पडली. चढावर पडली म्हणजे पंपच, असं धरून एका गॅरेजने पंप बदलला. पुढच्या रविवारी गाडी पुन्हा घाटातच थांबली. या वेळी मी शेजारी बसलो होतो. एकही झटका नाही. गाडी तिसऱ्या गिअरमध्ये अजून पुढे सरकत होती, आणि आरपीएमचा काटा मात्र थेट शून्यावर. चाकं इंजिनाला फिरवत असताना काटा शून्य दाखवतो, म्हणजे फिरणं मोजणारा क्रँक सेन्सरच गप्प झालाय. तो गप्प झाला की कॉम्प्युटरला इंजिन फिरतंय हेच कळत नाही, मग तो स्पार्क आणि पेट्रोल दोन्ही बंद करतो. दुसऱ्या मेकॅनिकने इंजिन चालू ठेवून सेन्सरवर हीट गन धरली आणि ते आमच्यासमोर बंद पडलं. भाग अंगठ्याएवढा, पण त्याच्यापायी चांगला पंप बदलून झाला होता. याचं मला अजून वाईट वाटतं.

बंद पडल्यावर डॅशबोर्डकडेही बघा. सगळे दिवे लागले असतील तर गाडीला वीज आहे. दिवेसुद्धा गेले असतील तर आधी बॅटरीचे टर्मिनल आणि अर्थची वायर हलवून बघा, पांढरट-हिरवट बुरशी असेल तर साफ करा. चावीचं चिन्ह लुकलुकत असेल तर इमोबिलायझरचा, म्हणजे चावी ओळखल्याशिवाय इंजिन सुरू होऊ न देणाऱ्या चोरीविरोधी यंत्रणेचा संशय घ्या.

मग चावी ऑन करा, सेल्फ मारू नका, आणि मागच्या सीटकडे कान द्या. दोन-तीन सेकंद बारीक घुंई ऐकू यायला हवी. आली नाही तर लगेच पंप बदलू नका. पंपसुद्धा करंटवरच चालतो, तेव्हा आधी फ्यूज आणि रिले (पंपाला करंट देणारा स्विच) तपासा. आली, तरी प्रेशर पुरेसं आहे असं सिद्ध होत नाही. पंप बदलायचाच असेल तर गेज लावून प्रेशर दाखवायला सांगा. बऱ्याच गाड्यांत ते ३ ते ४ बारच्या आसपास असतं, तुमच्या गाडीचा आकडा मॅन्युअलवरून घ्या.

गाडीला सीएनजी किट असेल तर सगळ्यात सोपी परीक्षा तुमच्या हाताशीच आहे. एक दिवस पेट्रोलवर, एक दिवस सीएनजीवर चालवा. दोन्हीवर बंद पडली तर करंटच्या बाजूने शोधा. फक्त पेट्रोलवर पडली तर पंप, फिल्टर, इंजेक्टर. आधीचा मालक कायम सीएनजीवर चालवत असेल आणि टाकीत दोन-तीन लिटरच ठेवत असेल, तर पंप भाजलेला असायची शक्यता मोठी. किट काढून टाकलेलं असेल तर वायरिंग उघडून बघाच. कापून टेपने गुंडाळलेले जोड मी अशाच गाड्यांत सर्वाधिक पाहिलेत. भाड्याने किंवा कर्जावर चाललेल्या गाडीत जीपीएसवाल्यांचा कट-ऑफ रिलेही (दुरून इंजिन बंद करणारा स्विच) राहून गेलेला असू शकतो.

गाडीच्या कॉम्प्युटरने नोंदवलेले बिघाडाचे कोड स्कॅन करून घ्या. पी०३३५ क्रँक सेन्सरच्या सर्किटकडे बोट दाखवतो, पी०१७१ पेट्रोल कमी पडतंय किंवा कुठून तरी हवा शिरतेय असं सांगतो. कोड सापडला नाही म्हणून निर्धास्त होऊ नका.

पुन्हा चालत्या गाडीत असं झालं तर चावी लॉकपर्यंत फिरवू नका, स्टिअरिंग अडकतं. स्टिअरिंग जड होईल, ब्रेक दोन-तीनदा दाबल्यावर कडक होईल, म्हणून ब्रेक एकदाच घट्ट दाबून डावीकडे घ्या आणि हॅझर्ड लावा. बाजूला लागल्यावर लगेच लिहून ठेवा: झटके होते का, काटा कुठे होता, दिवे लागले का, टाकीत किती पेट्रोल होतं. तो कागद मेकॅनिकच्या हातात द्या.