खुलासा : शेळीचं रक्त फ्रीझरमध्ये ठेवलं की टिकतं?

नमुना प्रयोगशाळेत पोचायला उशीर होणार असेल तर रक्ताची नळी सरळ फ्रीझरमध्ये टाका, हा सल्ला वर्षानुवर्षं फिरतोय. तो चुकीचा आहे. गोठताना तांबड्या पेशी फुटतात, हिमोग्लोबिन सीरममध्ये, म्हणजे गुठळी झाल्यावर वर सुटणाऱ्या पातळ द्रवात, उतरतं आणि वितळल्यावर हाती नुसतं लाल पाणी उरतं. त्यावर एलायझाचा (रक्तातून रोगाचा माग काढणाऱ्या चाचणीचा) निकाल भरवशाचा येत नाही. बऱ्याचदा नमुना परतच येतो.

गोठवायचंच तर फक्त वेगळं काढलेलं सीरम. मानेच्या शिरेतून लाल झाकणाच्या नळीत 4-5 मिली रक्त घ्या. सिरिंजने घेतलं असेल तर सुई काढून, नळीच्या कडेने हळू सोडा. सुईतून जोरात दाबलं तरी पेशी फुटतात. नळी तासभर तरी सावलीत उभी ठेवा. घाईने थंडीत ठेवली तर गुठळी नीट आवळत नाही आणि सीरम कमी सुटतं. शेळीचं सीरम गाईसारखं पिवळं नसतं, जवळजवळ पाण्यासारखं असतं, त्यामुळे गुलाबी छटा चटकन दिसते. ती दिसली तर पुन्हा रक्त घेतलेलं बरं.

जांभळ्या झाकणाची ईडीटीएची (रक्ताची गुठळी होऊ न देणाऱ्या रसायनाची) नळी मात्र लगेच 8-10 वेळा अलगद उलटसुलट करा आणि 2 ते 8 अंशांत ठेवा. ती गोठवायची नाहीच.

पार्सलमध्येही हीच चूक होते: गोठलेला आइस पॅक नळीला थेट टेकला की तिथलं रक्त गोठतं. मध्ये वर्तमानपत्राच्या दोन-तीन घड्या घाला. आणि पार्सल शुक्रवारी पाठवू नका.