चष्म्यात शिरलेला प्रकाश पळतो कुठे?

सप्टेंबर २०२५ मध्ये मेटा कंपनीने रे-बॅन डिस्प्ले हा पडदा असलेला चष्मा जाहीर केला, तेव्हा बातम्यांमध्ये एक आकडा ठळकपणे छापून आला : ५००० निट. निट हे पडद्याची उजळता मोजायचं एकक. चांगल्या मोबाइलचा पडदा हजार-दोन हजार निटच्या आसपास असतो. पण भर उन्हातला पांढरा कागद वीस हजार निटच्या वर जातो, आणि चष्म्यातलं चित्र त्या उजेडावरच उमटायचं असतं. मग लोक सहज म्हणतात, अजून जोरदार दिवा बसवा की! दिव्याची अडचण नाहीच. आजच्या मायक्रो-एलईडी लाखो निट देऊ शकतात. अडचण आहे ती त्या प्रकाशातला अगदी थोडा हिस्साच डोळ्यापर्यंत पोहोचतो ही. विवर्तनावर, म्हणजे बारीक रेषांवर पडून प्रकाश वळण्यावर, चालणाऱ्या काचांमध्ये हा हिस्सा बऱ्याचदा शेकडा एकच्या आसपास असतो. उरलेला वाया जातो, आणि प्रोजेक्टरची उष्णता कानशिलाला चिकटलेल्या दांडीत साचते.

रचना थोडक्यात अशी. दांडीत एक इवलासा प्रोजेक्टर असतो. त्याचा झोत काचेच्या कोपऱ्यातल्या एका जाळीवर पडतो. जाळी म्हणजे काचेवर कोरलेल्या समांतर रेषा, दोन रेषांमधलं अंतर तीन-चारशे नॅनोमीटर. ती झोताला इतकं तिरकं वळवते, की तो काचेतच अडकतो. शाळेत शिकलेलं पूर्ण आंतरिक परावर्तन ते हेच. साध्या काचेत त्यासाठी लंबाशी ४२ अंशांपेक्षा मोठा कोन लागतो, १.८ अपवर्तनांकाच्या (काच प्रकाशाला किती वाकवते त्याचं हे माप) काचेत ३४ अंश पुरतात. मेटाने २०२४ मध्ये दाखवलेल्या ओरायन या नमुन्यात काचेऐवजी सिलिकॉन कार्बाइड वापरलं, कारण त्याचा अपवर्तनांक २.६ च्या वर आहे आणि कोन २३ अंशांच्याही खाली येतो. वापरता येणाऱ्या कोनांचा पट्टा वाढला, की चित्रही मोठं दाखवता येतं. उड्या मारत आलेला प्रकाश डोळ्यासमोर पोहोचला, की तिथली दुसरी जाळी त्याला बाहेर काढते.

आता माझ्या आवडीचा भाग. प्रकाशाचा मार्ग उलटा फिरवता येतो, हा नियम आपल्याला पाठ असतो, पण त्याची किंमत इथे कळते. जी जाळी बाहेरच्या किरणाला आत वळवते, तीच आतून आलेल्या किरणाला बाहेरही वळवते, आणि किमान तितक्याच प्रमाणात. दोन्ही बाजूंना सारखंच उघडणारं झुलतं दार असावं तसं हे आहे.

समजा काच अर्धा मिलिमीटर जाड आहे आणि किरण आत ४५ अंशांनी जातोय. मग खालच्या पृष्ठभागावर आपटून परत वर यायला तो १ मिमी पुढे सरकतो. ही त्याची एक उडी. जाळी मात्र झोताइतकीच, म्हणजे ४ मिमी रुंद. मागच्या टोकाला शिरलेला किरण तीच जाळी पुन्हा, पुन्हा आणि परत एकदा गाठतो!

जाळीचे एकेक मिलिमीटरचे चार पट्टे करा, आणि एकूण १०० भाग प्रकाशापैकी प्रत्येकावर २५ भाग पडतात असं धरा. जाळीची कार्यक्षमता ५० टक्के. पहिल्या पट्ट्यातून आत आले १२.५ भाग. दुसऱ्यावर त्यातले निम्मे निसटले, नवे १२.५ आले, झाले १८.७५. तिसऱ्यानंतर सुमारे २१.९, चौथ्यानंतर २३.४. आता जाळी अगदी आदर्श, शंभर टक्के कार्यक्षम करा. प्रत्येक पट्ट्यावर आधीचा सगळा प्रकाश बाहेर आणि नवा सगळा आत. शेवटी हाती उरतात फक्त २५ भाग. म्हणजे जाळी दुप्पट चांगली केली, आणि पदरात पडले दीड भाग!

ही मर्यादा जाळीच्या दर्जाची नाहीच. ती भूमितीची आहे : उडीची लांबी भागिले जाळीची रुंदी. पट्ट्यांची कार्यक्षमता कमी-जास्त करून पाहा, २५ च्या वर जाता येत नाही, कारण प्रत्येक पायरीवर नवी बेरीज ही आधीची बेरीज आणि २५ यांच्या मधेच कुठेतरी पडते. मुळाशी उष्मागतिकी, म्हणजे उष्णता आणि ऊर्जेचे नियम, आहे. रुंद झोत अरुंद वाटेत दाबून जास्त उजळ करता येत नाही. त्यामुळे 'नॅनो-कोटिंगने शंभर टक्के प्रकाश' असल्या दाव्यांपुढे आधी काचेची जाडी विचारावी.

पळवाट एक आहे, ती ध्रुवणाची. प्रकाशलहरी कोणत्या दिशेत आंदोलित होतात यावर ध्रुवण ठरतं, आणि ध्रुवणाच्या दोन अवस्था म्हणजे दोन स्वतंत्र वाटा. झोत एका अवस्थेत आत घ्यायचा आणि काचेत त्याची अवस्था बदलायची. परत जाळीशी आल्यावर ती त्याला ओळखतच नाही. मूळ झोत एकाच अवस्थेतला असेल, तर याने वरची मर्यादा दुप्पट होते. अध्रुवित प्रकाशाला मात्र फायदा शून्य, कारण त्याने दोन्ही वाटा आधीच व्यापलेल्या असतात. रॉचेस्टर विद्यापीठातल्या संशोधकांनी नॅनोरचनांचे तीन वेगवेगळे पट्टे असलेली प्रवेश-जाळी २०२५ मध्ये मांडली, ती याच पुनर्भेटीची गळती रोखण्यासाठी.

काच जाड केली तरी उडी लांबते, पण चष्मा जड होतो. शिवाय उडी डोळ्याच्या बाहुलीपेक्षा मोठी झाली, की चित्रात अंधारे पट्टे येतात. चित्राच्या एका कडेचे किरण ४५ अंशांनी, तर दुसऱ्या कडेचे ७० अंशांनी जात असतील, तर उड्या १ मिमी आणि पावणेतीन मिमी. म्हणून एक कड मंद, दुसरी उजळ. सॉफ्टवेअर मग उजळ कड मुद्दाम मंद करतं, म्हणजे पुन्हा प्रकाश वायाच.

बाहेर पडतानाचा हिशेब सोपा आहे. पाच ठिकाणी सारखा प्रकाश हवा असेल, तर पहिल्या ठिकाणी पाचवा हिस्सा सोडायचा, मग चौथा, तिसरा, निम्मा, आणि शेवटी सगळा. काही प्रकाश उलट्या बाजूलाही निघतो, त्यामुळे समोरच्या माणसाला तुमचे डोळे चकाकताना दिसतात. जाळीऐवजी काचेत तिरके अर्धपारदर्शक आरसे बसवले, तर ही गळती खूप कमी होते आणि जाळीमुळे दिसणारी इंद्रधनुषी झाकही जवळपास जाते. पण असे आरसे एकमेकांशी अचूक समांतर चिकटवणं महाकठीण.

जाता जाता : जाहिरातीत तळहातावर भरीव, काळाशार डायनोसॉर उभा दिसतो आणि त्याची सावलीही पडते. ते होणे नाही. हा चष्मा समोरच्या उजेडात भर घालू शकतो, वजाबाकी करू शकत नाही. काळा रंग त्याच्याकडे नाहीच.

आणि सगळं जमलं तरी एक तोटा उरतोच. डोळा हलला तरी चित्र दिसावं म्हणून प्रकाश १२ बाय १० मिमीच्या चौकटीत पसरवला, तर ३ मिमीच्या बाहुलीत त्यातला सुमारे ६ टक्केच जाईल. म्हणून आता काही गटांचा प्रयत्न आहे तो डोळ्याचा माग काढून प्रकाश फक्त बाहुलीकडेच वळवण्याचा. त्यासाठी बाहेर काढणारी जाळी क्षणाक्षणाला बदलता यायला हवी, आणि द्रवस्फटिकांच्या (लिक्विड क्रिस्टल) जाळ्यांवर सध्या त्याचंच काम चाललंय.